ही वही कोण वाचतं?

माझ्याविरुद्ध कुणीतरी नोंदी ठेवतंय, असं मला पहिल्यांदा वर्गात वाटलं. तिसरीची हजेरी घेत होते. शेवटच्या रांगेतल्या दोन मुली हसल्या. मुली हसतातच. पण त्या दिवशी मला वाटलं, मी नावं कशी उच्चारते, कुठं अडखळते, हे त्या लक्षात ठेवतायत आणि कुणाला तरी जाऊन सांगणार आहेत. दुपारच्या सुट्टीत ऑफिसात कुणी नसताना मी हेडमास्तरांचं शेरेबुक उघडून पाहिलं. त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. त्यानं जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट मनात आलं, म्हणजे माझ्यासाठी वेगळी वही असणार.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेहतीस वर्षांची होते. तिसगावजवळच्या एका वस्तीवर प्राथमिक शाळेत शिकवत होते. घरी सासूबाई आणि सहा वर्षांची सुजाता. सुजाताचे पप्पा नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. तिकडेच दोघा-तिघांत खोली करून राहायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. आमच्यात भांडण नव्हतं. घरात कुणाला व्यसन नव्हतं. लोक अजून विचारतात, "असं काय झालं होतं हो तुम्हाला?" त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आधी झोप गेली, मग भूक गेली आणि मग माणसांवरचा विश्वास गेला, याच क्रमानं.

सासूबाईंनी पहिल्यांदा ओळखलं. त्या मला म्हणाल्या नाहीत, मुलाला म्हणाल्या. मी चुलीपाशी होते, मला ऐकू आलं. "इमल भाकरी मोडती, वास घेती आन् ठेवून देती. माझ्या हातची भाकर हाय ती. तिला काय वाटतं रं?"

मला काय वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. त्या भाकरीत काहीतरी घातलंय, असं मला वाटत होतं.

*

नगरला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा सुजाताच्या पप्पांनी मला सांगितलं होतं की डोकेदुखीसाठी जातोय. दवाखान्याच्या पाटीवर मी 'मानसोपचार' वाचलं आणि पायरीवरच थांबले.

"डोकेदुखी म्हणाला होतात."

"डोक्याचेच डॉक्टर आहेत," ते म्हणाले. त्यांना हसवायचं होतं बहुतेक. मला ते अजिबात हसण्यासारखं वाटलं नाही. पुढचं वर्षभर मी ते वाक्य त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं.

डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला सावकाश. त्यांनी मला एकटीला आत बसवून तासभर विचारलं. मग आजाराचं नाव सांगितलं. खोल उदासी, आणि तिच्यामुळे आलेला संशय. "बरा होतो," म्हणाले. मी मनात म्हटलं, हे बोलायला तुम्हाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक शंभर पानी वही काढली. आम्ही मुलांना देतो तसली.

"बाई, ताप आला तर बहुतेकांना एकच गोळी चालते. ह्या आजारात कुणाला कोणतं औषध आणि किती लागू पडेल, हे पुस्तकात अर्धंच असतं. उरलेलं अर्धं तुम्ही मला सांगायचं. रोज दिवेलागणीला चार ओळी लिहा. झोप किती तास, जेवण कसं, मन कसं, संशय किती. शून्य ते दहा आकडे घाला. मी ते पाहून औषध कमी-जास्त करीन."

"आणि घरातलं कुणीतरी," ते सुजाताच्या पप्पांना आत बोलावून म्हणाले, "बाहेरून काय दिसतं त्याची वेगळी खूण ठेवा. एकमेकांचं पाहू नका."

घ्या. मी महिनोन् महिने जी वही शोधत होते, ती आता माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या नवऱ्याच्या हातात दिली जात होती.

*

मला बारा दिवस ठेवून घेतलं. बायकांच्या खोलीत सहा खाटा. सकाळी सिस्टर वजन करायची, हात पुढे करायला लावून थरथर बघायची आणि तेच प्रश्न विचारायची. झोप लागली का, स्वप्नं पडली का, कुणी त्रास देतंय असं वाटतं का. मी रोज वेगळं उत्तर द्यायचे, तिच्या चेहऱ्यावर काय बदलतं ते बघायला. काही बदलायचं नाही. ती कागदावर लिहायची आणि पुढच्या खाटेकडे जायची.

पुढची खाट पारूबाईची. जामखेडकडची शेतकरी बाई, माझ्या आईच्या वयाची. तिला लोक विचारायचे तर ती खुशाल सगळं सांगायची, स्वप्नंसुद्धा. एकदा मी दबक्या आवाजात तिला म्हटलं, "इतकं सगळं सांगू नका. हे लिहून ठेवतात."

"लिव्हू दे की," ती म्हणाली. "धा वर्सं झाली बया, मला झोप न्हाई. घरात सोळा मान्सं. एकानं इचारलं न्हाई, पारू, झोपलीस का म्हनून. ही पोरगी रोज इचारती, वर लिव्हून घेती. मला तर लई बरं वाटतं."

तिला फसवलं जातंय याची मला कीव आली. पण त्या दुपारी मी हॉस्पिटलातलं वरण-भात पहिल्यांदा पूर्ण खाल्ला. पारूबाईनं आधी माझ्या ताटातला एक घास उचलून खाल्ला होता. मी काही बोलले नव्हते, तरी तिला कसं कळलं कोण जाणे. "बघ, जित्ती हाय मी," म्हणाली. उरलेले दिवस रोज तिनं तो घास खाल्ला.

*

घरी आल्यावर बाहेरची खूण कुणी ठेवायची, हा प्रश्न होता. सुजाताचे पप्पा आठवडाभर नागापूरला. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. मग डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरलाच पेन्सिल बांधली. तारखेच्या चौकोनात, मी खाल्ली तेवढ्या भाकऱ्यांच्या उभ्या रेघा. मी आपणहून कुणाशी बोलले तर एक टिंब.

कॅलेंडर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली होतं. सकाळी वंदना करताना मला तिकडे बघावंच लागायचं. मी डोळे मिटून घ्यायचे.

माझी वही मी ट्रंकेत, साड्यांखाली ठेवायचे. आणि खोटी लिहायचे.

मी शिक्षिका आहे. वरिष्ठांना दाखवायचे तक्ते कसे भरतात ते मला कुणी शिकवायला नको. तपासणीच्या आदल्या दिवशी महिन्याभराचं एका बैठकीत भरता येतं. शाई थोडी बदलायची, मध्ये एखादा कमी आकडा टाकायचा म्हणजे खरं वाटतं. मीही तसंच केलं. झोप सात, झोप साडेसात. मन सहा, सात, सात, आठ. संशय दोन, एक, एक, शून्य.

खरं लिहायची भीती का वाटत होती, तेही सांगते. माझे थोरले दीर नगरला एका कचेरीत कारकून होते. कायद्याचं त्यांना जरा कळायचं, आणि कळतं त्याहून जास्त ते बोलायचे. मी दवाखान्यातून आले त्या आठवड्यात ते घरी येऊन ओसरीवर बसले. मी आत होते. त्यांचे शब्द मला तुटक ऐकू आले: "...लेखी असलं म्हणजे... वेडाच्या कारणावर फारकत मिळते... पोरगी आपल्याकडे राहील..."

पुढे मी कितीतरी वेळा स्वतःला विचारलं, हे मी खरंच ऐकलं का? माझ्या कानांवर माझाच भरवसा उरला नव्हता. हा या आजाराचा सगळ्यात वाईट भाग. खोटं खरं वाटतं, तेवढ्यावर थांबत नाही. खरं काही कानावर आलं तरी ते कुणाला सांगायची सोय राहत नाही.

तिसऱ्या आठवड्याला डॉक्टरांकडे जाताना मी कॅलेंडर मुद्दाम खिळ्यावर विसरले. डॉक्टरांनी माझी वही बघितली, खूश झाले, आणि एक गोळी कमी केली.

*

त्यानंतर पंधरवड्यानं जे झालं ते लिहिताना अजून हात जड होतो.

सकाळी मी सुजाताला घेऊन तिसगावच्या स्टँडवर गेले. आईकडे, जामखेडला निघून जायचं ठरवलं होतं. पाथर्डीची गाडी येऊन लागली. सुजातानं सहज विचारलं, "मम्मी, आजीला सांगितलं का?"

एवढंच. पण मला लख्ख वाटलं की हे तिला शिकवून पाठवलंय. तिलाही माझ्यावर नेमलंय. मी तिचा हात सोडला, गाडीत चढले आणि खिडकीतून मागं बघितलं नाही.

पेरू विकणारी हौसाबाई ओरडत गाडीमागं पळाली, असं नंतर कळलं. "बाई, पोरगी! पोरगी ऱ्हायली!" तिचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तिनं पेरूची पाटी तशीच टाकली आणि सुजाताला उचलून आमच्या घरी नेलं.

मी पाथर्डीच्या स्टँडवर बाकावर बसून राहिले. जामखेडच्या गाड्या गेल्या. मला उठताच आलं नाही. दुपारी हेडमास्तर मोटरसायकलवर शोधत आले. ते गाडी उभी करून शेजारी बसले. म्हणाले, "सुजाता घरी आहे. जेवली आहे. चला."

मी विचारलं, "शेरा लिहिणार का?"

"किरकोळ रजा मांडलीय तुमची," ते म्हणाले. "दुसरं काही लिहायचं नाही मला."

*

निरोप मिळून सुजाताचे पप्पा रात्रीच घरी आले. दुसऱ्या दिवशी ते, सासूबाई आणि मी नगरला गेलो. सासूबाईंनी यावेळी कॅलेंडर स्वतः काढून, गुंडाळून काखेत घेतलं होतं.

डॉक्टरांनी टेबलावर डावीकडे माझी वही उघडली, उजवीकडे कॅलेंडर पसरलं. माझ्या वहीत 'जेवण चांगलं' होतं त्या दिवशी कॅलेंडरवर अर्धी रेघ होती. 'मन आठ' होतं त्या आठवड्यात एकही टिंब नव्हतं. ते बोटानं एकेक तारीख जुळवत गेले.

"बाई, ह्या वहीतली बाई आणि कॅलेंडरवरची बाई वेगवेगळ्या आहेत. औषध कुणाला देऊ? मी वहीतल्या बाईची गोळी कमी केली, आणि गाडीत दुसरी बसली." मग थांबून म्हणाले, "माझंही चुकलं. आकडे इतके नीटनेटके होते की तेव्हाच शंका यायला हवी होती. कॅलेंडर मागायला हवं होतं."

डॉक्टर आपली चूक कबूल करतोय, याचाही मला संशयच आला. पण मी रडायला लागले आणि जे मनात होतं ते तोंडून गेलं. "आधी सांगा, ही वही कोण वाचतं?"

डॉक्टर सुजाताच्या पप्पांकडे बघायला लागले. त्यांनी मान खाली घातली.

"तुम्ही सांगता का?" डॉक्टर त्यांना म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तर बरं."

नागापूरच्या कारखान्यात लोखंडावर काम करणारा माणूस. टेबलावरच्या माझ्या वहीकडेही त्याला बघवेना.

"मी एकटा आलो होतो इथं. महिन्यापूर्वी. दादा म्हणाला, डॉक्टरकडून लिहून घे, की ही बरी होणार नाही. वही दाखवायला आणली की तिची नक्कल द्या, असंही म्हणालो मी. हे नाही म्हणाले."

सासूबाई बाकावरून उठल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

मला काय वाटलं, ते ऐकून लोकांना नवल वाटतं. मला राग आला, पण तो नंतर. आधी मोकळं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, मला जे वाटत होतं त्यातली एक गोष्ट खरी निघाली होती. भाकरीत विष नव्हतं, सुजाता हेर नव्हती, मुली नुसत्या हसत होत्या. पण ओसरीवरचं बोलणं मी खरंच ऐकलं होतं. म्हणजे माझे कान अजून माझे होते.

*

त्या दिवशी नियम ठरले. वही माझी, ती मी आणि डॉक्टर वाचणार. नक्कल कुणाला नाही. सासूबाईंचं कॅलेंडर चालू राहणार, पण मी ते रोज बघणार आणि पटलं नाही तर तिथंच सांगणार.

शिवाय मी एक रकाना वाढवून मागितला. संशयाच्या आकड्यासमोर 'कारण'. नुसता सात लिहिला की मी वेडी ठरते. सात का, तेही लिहायला जागा हवी. डॉक्टरांनी विचार केला आणि स्वतः पट्टीनं रेघ मारून दिली.

मग खरं लिहायला लागले. खरं लिहिणं फार कंटाळवाणं असतं. झोप तीन तास. झोप चार. संशय आठ, कारण: शेजारीण कडी लावून घेते. संशय आठ, कारण: माहीत नाही. दोन महिन्यांची पानं झाल्यावर डॉक्टर आणि मी ती शेजारी शेजारी ठेवून बघितली. शाळेच्या दिवशी सकाळी आकडा चढायचा आणि सुट्टीच्या दिवशी नाही. मी म्हटलं, शाळेतच काहीतरी आहे. ते म्हणाले, थांबा, सकाळची गोळी किती वाजता घेता? शाळेत जाताना घ्यायचे. वर्गात पोहोचेपर्यंत गुंगी, जीभ जड, शब्द अडखळायचे. मुलं हसली की मला कारण सापडायचं. सुट्टीच्या दिवशी तीच गोळी जेवणानंतर घेऊन मी पडून असायचे.

सगळं औषध त्यांनी संध्याकाळवर नेलं. मग एक वाढवून बघितली, वहीत हाताची थरथर आली, म्हणून अर्धी केली. असं करत करत पाच महिन्यांनी माझ्या मापाचं औषध सापडलं. दीड गोळी, दिवेलागणीला, भाकरीनंतर. पारूबाई एकदा दवाखान्याबाहेर बाकावर भेटली. तिला तीच गोळी, पण तीन. "मला तुझी दे की अर्धी, तुला पुरती तर मला बी पुरंल," म्हणाली. मी तिला दिली नाही हे सांगायला नको.

*

थोरले दीर एकदा परत आले. यावेळी मी आत गेले नाही, ओसरीवरच बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "ते कॅलेंडर कुठंय? जपून ठेव. कामाला येईल."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "भाकरी लिवल्यात त्याच्यात," त्या म्हणाल्या. "कोडतात भाकरी मोजत्यात व्हय रं? घेऊन जा. जजाला म्हनावं, शिमग्याला दोन खाल्ल्या, आता तीन खाती. सासू चूल इझवायच्या आधी इचारती, आजून एक टाकू का?"

ते गेले. कॅलेंडर नेलं नाही.

सुजाताच्या पप्पांशी बोलायला मला जास्त वेळ लागला. वहीत कितीतरी दिवस 'संशय पाच, कारण: नवरा' असं होतं. डॉक्टरांनी तो आकडा खाली आणायला औषध वाढवलं नाही. "ह्याला गोळी नाही," म्हणाले. "हे तुमचं तुम्ही दोघांनी बघायचं." पुढं सुजाताचे पप्पा दर सुट्टीला माझ्याबरोबर नगरला यायचे आणि बाहेर बसायचे. मी बोलावलं तरच आत यायचे. वर्षभरानं मी तो पाच तीनवर आणला. त्याखाली अजून आणलेला नाही. तेही मागत नाहीत.

सुजाता मोठी झाल्यावर मी तिला स्टँडचं सांगितलं. तिला सगळं आठवत होतं. ती म्हणाली, "हौसाबाईनं मला पेरू दिला होता, मी तो तुझ्यासाठी ठेवला होता."

ज्यांना आत्ता कुणी अशी वही दिली असेल, त्यांना मी एवढंच सांगते. ती कोण वाचणार, हे आधी विचारा. लाजू नका, आवाज चढला तरी चढू द्या. उत्तर मिळाल्यावर मात्र खरं लिहा. खोट्या आकड्यांवर मिळालेलं औषध दुसऱ्याच कुणाचं तरी असतं, आणि ते पोटात तुमच्या जातं. आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं सोडू नका. मी सोडून पाहिली आहे. चौथ्या दिवशी भाकरीला पुन्हा कसलातरी वास यायला लागला होता.

*

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी एक गोष्ट मागितली. कुठंतरी डॉक्टरांची बैठक होती. "नाव-गाव काढून तुमच्या वहीची काही पानं दाखवू का? औषध माणसागणिक कसं बसवावं लागतं ते त्यांना दिसेल. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकून माझा संशय चारवरून सहावर गेला. तो मी तिथंच, त्यांच्यासमोर वहीत लिहिला. कारणही लिहिलं. ते वाचून डॉक्टर हसले आणि म्हणाले, "घाई नाही."

मी आठवडाभर विचार केला. दाखवायची ती पानं स्वतःच्या हातानं दुसऱ्या कागदावर उतरवली. झोप, जेवण, मन, संशय, गोळी किती, सगळं तारखेवार. शेवटचा रकाना उतरवला नाही.

"कारणं?" त्यांनी विचारलं.

"आकडे न्या," मी म्हटलं. "कारणं माझ्या घरची आहेत."

त्यांनी मान डोलावली आणि संमतीचा कागद पुढं केला. मी तो दोनदा वाचला. मग खाली मोकळी जागा होती, तिथं तिरपी रेघ मारली, म्हणजे नंतर कुणाला काही घालता येऊ नये, आणि त्याखाली सही केली.